आपल्यातली बाई

माझी भाची सायली आणि तिचा नवरा सध्या कांदिवलीत घर शोधताहेत. परवा रविवारी जेवायला आली होती. ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "मावशी, एजंट कसा निवडायचा गं? सगळे एकच सांगतात, ओळखीतला बघ, आपल्यातला बघ. तुझ्या ओळखीत आहे का कुणी आपल्यातलं?"

"आहे एक बाई," मी म्हटलं. "पण तिचा नंबर मी तुला देणार नाही."

मग आमटी गार होईपर्यंत मी तिला रंजूताईबद्दल सांगत बसले. त्या बाईबद्दल मला जे वाटतं त्याला किळस हाच शब्द आहे. राग येऊन जातो, किळस राहते. अजूनही कुणी बोलताना माझं मनगट धरलं की मी हात सोडवून घेते. ती सवय मला रंजूताईने लावली.

रंजना पेडणेकर. भांडुप पश्चिमेला, डोंगराकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर तिचा छोटा गाळा होता. वर पाटी होती 'माहेर'. खाली बारीक अक्षरांत 'जागा विकत व भाड्याने'. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायची. इथे मुद्दाम ती म्हणतेय. ठेंगणी, गोरी, गुबगुबीत. हात कायम ओलसर. अंगाला मोगऱ्याच्या तेलाचा वास आणि तोंडाला वेलचीचा. बोलताना समोरच्या बाईचं मनगट धरायची आणि बोलणं संपेपर्यंत सोडायची नाही. डोळ्यांत पाणी तर इतक्या पटकन यायचं की वाटायचं, पापणीच्या आतच कुठेतरी भरून ठेवलंय.

कुठल्याही घरात गेली की ती हॉलमध्ये थांबत नसे. "येऊ ना गं आत?" म्हणेपर्यंत ती स्वयंपाकघरात पोचलेली असायची. ओट्याला टेकून उभी राहायची आणि समोर जे असेल ते हातात घ्यायची. लसूण असला तर सोलायची, मेथी असली तर निवडायची. मला एकदा म्हणाली होती, "हॉलमध्ये लोक खोटं बोलतात गं. ओट्यापाशी आली की बाई खरं बोलते." आणि खरंच बोलायच्या बायका. कुणाच्या सुनेचं पटत नाही, कुणाच्या नवऱ्याच्या छातीत दुखतं, कुणाचा मुलगा परदेशातून परत यायचं नाव घेत नाही. मेथीची जुडी संपेपर्यंत रंजूताईला कळलेलं असायचं की हे घर कधी विकायला निघणार. घरच्यांना ते नंतर कळायचं.

माणूस बघून ती बोली बदलायची. मालवणी बाई भेटली की "काय गो, बरी असस मा?" कोळीवाड्यातली भेटली की तिच्यासारखी. मुलुंडची गुजराती बाई भेटली की "केम छो, बेन". सांताक्रूझ, अंधेरीकडची पार्टी आली की हिंदी-इंग्रजीची खिचडी. रिक्षात बसल्या बसल्या पुढच्या आरशात बघून ती टिकलीसुद्धा बदलायची, मोठी काढून बारीक, बारीक काढून मोठी. पण वाक्य सगळ्यांना एकच. "अगं, मग तू तर आपल्यातलीच!"

मलाही ती तेच म्हणाली होती. मी आणि आई तेव्हा सांताक्रूझला भाड्याने राहत होतो. माझी नोकरी घाटकोपरला, एका खाजगी कंपनीच्या हिशेब खात्यात. लग्न मी केलं नव्हतं, करायचंही नव्हतं. भाड्याच्या घरांना आई कंटाळली होती, म्हणून भांडुपला जुन्या बिल्डिंगमधलं एखादं घर घ्यायचं ठरवलं. ओळखीच्या कुणीतरी रंजूताईचं नाव सांगितलं. तिने चार मजली, बिनलिफ्टच्या बिल्डिंगमधलं दुसऱ्या मजल्यावरचं घर दाखवलं. आई खूश झाली, कारण खिडकीतून डोंगर दिसत होता.

"लवकर ठरव गं," रंजूताई माझं मनगट धरून म्हणाली. "दुसरी पार्टी टोकन घेऊन उभी आहे. मीच थोपवून धरलंय. म्हटलं, आधी माझ्या आपल्या माणसांना."

आम्ही ठरवलं. घासाघीस न करता ठरवलं.

व्यवहार झाल्यावर महिन्याभराने बाजारात मला घर विकणाऱ्या बाई भेटल्या. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं, माझ्या घरी काहीतरी झालंय आणि मलाच ते माहीत नाही. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "एवढ्या लहान वयात गं... पण धीराची आहेस हो. म्हणून तर आम्ही जास्त ताणून धरलं नाही. रंजूताई म्हणाली, विधवा पोरगी आहे, आईला घेऊन वणवण फिरतेय, शिवाय दुसरं कुणी गिऱ्हाईकही नाही तुमच्या घराला."

मी तिथून तडक 'माहेर'मध्ये गेले. रंजूताई फोनवर होती. फोन ठेवून तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि खळखळून हसली.

"अगं, त्याने कुणाला धक्का लागला का? तुझा नवरा होताच कुठे मरायला?"

आम्हाला सांगितलेली दुसरी पार्टी, त्यांना सांगितलेली विधवा. तिने दोन्हीकडे एकेक खोटं पेरलं होतं आणि दोन्हीकडून तिचे पैसे घेतले होते. ते पैसे तिने कसे घेतले, तेही सांगायला हवं. ब्रोकरेज हा शब्द तिला चालत नसे. "कानाला टोचतं गं. ओटी म्हण ओटी. माहेरी आलेल्या लेकीची ओटी भरतेयस असं समज." नव्या घरात आम्ही सामान हलवलं त्या दिवशी ती आमच्याही आधी दारात हजर होती, हातात दुधाचं पातेलं. तिनेच गॅस लावला, तिनेच दूध उतू घातलं, मग आईसमोर पाटावर बसून पदर पसरला. आईने तांदूळ, नारळ आणि पाकीट तिच्या ओटीत घातलं. आईला भरून आलं. रंजूताईच्याही डोळ्यांत पाणी आलं. मी बाजूला उभी होते, म्हणून मला दिसलं. डोळे आईकडे होते, आणि पदराखाली अंगठा पाकिटावरून फिरून त्याची जाडी चाचपत होता.

किळस पहिल्यांदा आली ती तेव्हा.

तिच्यावर मग माझं लक्षच गेलं. एकाच वस्तीत राहत होतो, रोज येता-जाता दिसायची. आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर एक जागा भाड्याने द्यायची होती. रंजूताई एक शुद्ध शाकाहारी कुटुंब घेऊन आली. नवरा-बायको आणि नवऱ्याची आई. मी जिन्यात भेटले, तर मलाही वर घेऊन गेली, शेजार चांगला आहे हे दाखवायला. दुपारी जेवणाची वेळ. आमची बिल्डिंग म्हणजे निम्मी कोकणातली, त्यातून बुधवार. तिसऱ्या मजल्यावरून सुक्या बोंबलांचा असा खरपूस वास वर येत होता की मलाच भूक लागली.

त्या आईंनी नाकाला रुमाल लावला. "ही कसली दुर्गंधी?"

"औषध उकळतायत, माँजी," रंजूताई क्षणभरही न अडखळता म्हणाली. "आयुर्वेदिक. सांध्यांसाठी. खालच्या आजींचे पाय धरलेत. नाहीतर या बिल्डिंगमध्ये कांदासुद्धा मोजून आणतात."

आणि तिच्या तोंडात वेलची होती, कारण अर्ध्या तासापूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच आजींच्या ओट्यापाशी उभं राहून तिने त्याच बोंबलांबरोबर भाकरी खाल्ली होती. ते कुटुंब डिपॉझिट देऊन राहायला आलं. मग वर्षभर त्या सासूबाई खिडक्या बंद करून बसायच्या आणि खालच्यांशी भांडायच्या. भांडण फारच वाढलं की दोन्हीकडच्या बायका रंजूताईकडे जायच्या. ती दोघींचीही मनगटं धरून दोघींनाही सांगायची, "मला कळतंय गं तुझं." शेवटी ते कुटुंब दुसरं घर बघायला लागलं. ते घरही त्यांना रंजूताईनेच दाखवलं, आणि दुसऱ्यांदा ओटी घेतली.

तोपर्यंत मला हसू तरी येत होतं. रेहानाच्या वेळी तेही गेलं.

रेहाना परकार माझ्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. चिपळूणकडची. तिचं मराठी माझ्यापेक्षा गोड. तिच्या नवऱ्याची बदली ठाण्याला झाली आणि त्यांना आमच्या भागात भाड्याने घर हवं होतं. आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये एका निवृत्त मास्तरांचा फ्लॅट रिकामा होता, तो रंजूताईकडेच होता. मी रेहानाला सांगितलं, बाई खोटारडी आहे, पण जागा चांगली आहे, सांभाळून बोल. रेहानाने ऑफिसातूनच फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"नमस्कार ताई, मी परकार बोलतेय, चिपळूणची."

"पारकर! चिपळूणच्या पारकर!" पलीकडून आनंदाचा चीत्कार आला. परकारचं तिने पारकर ऐकलं होतं. "अगं, मग तू तर आपल्यातलीच! शनिवारी ये. चावी माझ्याकडेच आहे. दुसऱ्या कुणाला दाखवतसुद्धा नाही बघ."

शनिवारी मी रेहानाला घेऊन 'माहेर'मध्ये गेले. रंजूताई उठून पुढे आली, नेहमीप्रमाणे तिने मनगट धरलं. "नाव काय गं तुझं?"

"रेहाना."

मनगट तिने सोडलं नाही. ते सोडलं असतं तर बरं झालं असतं. तिने उलट दुसरा हातही वर ठेवला. डोळे भरून आले. "अगं बाई गं. किती गोड पोरगी आहेस. आणि बघ ना माझं नशीब, आत्ता सकाळीच ती जागा गेली."

"पण फोनवर तर..." रेहाना म्हणाली.

"तेच तर सांगतेय ना. सकाळीच गेली. मला तर काही नाही गं, माझ्या घरात ईदची खीर खाल्लेली आहे आम्ही. पण सोसायटीवाले, मालक... लोक वाईट असतात बाळा. मी तुला मुंब्र्याला छान जागा बघून देते. तुमच्या... तुला तिकडे करमेल. चहा घेशील ना? घेतल्याशिवाय जायचं नाही."

आणि तिने खरोखर चहा मागवला. रेहानाने तो घेतलाही, कारण ती शिकल्या-सवरल्या घरातली होती आणि कुणाच्या दारातून चहा नाकारून उठायचं नसतं असं तिला शिकवलेलं होतं. मी माझा कप हातात घेतला नाही. रस्त्यावर आल्यावर रेहाना म्हणाली, "सरळ नाही म्हणाली असती तर मला एवढं वाईट नसतं वाटलं गं. सवय आहे. पण तिने माझा हात कुरवाळला यार." आणि तिने रुमाल काढून मनगट पुसलं.

तो फ्लॅट पुढे बरेच दिवस रिकामाच होता. त्या मास्तरांना मी एकदा विचारलं. ते गोंधळून गेले. "मी कशाला नाही म्हणेन? आयुष्यभर माझ्या वर्गात निम्मी पोरं त्यांचीच होती. मला रंजनाबाईंनी काही सांगितलंच नाही." म्हणजे मालकाची हरकत नव्हती. सोसायटीला कुणी विचारलंच नव्हतं. लोकांच्या मनातला वाईटपणा ती आधीच धरून चालली होती, म्हणजे धंद्यात खोळंबा नको.

तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर तिच्याशी संबंध कसा ठेवलास? ठेवावा लागत नाही, तो राहतो. माझी आई आजारी पडली तेव्हा रोज सकाळी पेज घेऊन कोण यायचं? रंजूताई. आईचे कपडे मी ऑफिसला गेल्यावर कोण बदलायचं? रंजूताई. आई तिला लेक म्हणायची. आई गेली तेव्हा बायकांत सगळ्यांत मोठ्याने तीच रडली, आणि मला वाटतं ते रडणं खोटं नव्हतं. तिचं कुठलंच रडणं पूर्ण खोटं नसायचं, तीच तर अडचण होती. पण दिवस झाले, पाहुणे गेले आणि मी ओट्यापाशी भांडी लावत उभी होते, तेव्हा ती माझ्याजवळ आली. पुसायला एक वाटी हातात घेतली. म्हणाली, "आता एकटीला एवढी जागा काय करायचीय गं? माझ्याकडे नाहूरला छान वन रूम आहे."

मी तिच्या हातातून वाटी काढून घेतली आणि दार उघडून उभी राहिले. ती गेली. दोन दिवसांनी रस्त्यात भेटली तेव्हा काहीच झालं नसल्यासारखं "जेवलीस का गं?" म्हणाली.

आता तावडेकाकींचं सांगते.

तिसऱ्या मजल्यावर बोंबील भाजणाऱ्या आजी म्हणजेच तावडेकाकी. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर त्याने भाजी विकली, वॉचमनकी केली आणि त्यातून हे घर घेतलं. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा महेश हैदराबादला, गणपतीला कधी यायचा, कधी नाही. काकींचे गुडघे गेलेले. तीन जिने उतरायचे म्हणजे त्यांना अर्धा दिवस आधी मनाची तयारी करावी लागे. मालवणीशिवाय दुसरी भाषा त्या कधी बोलल्या नाहीत.

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार असं मी राहायला आल्यापासून ऐकत होते. बिल्डर यायचे, मीटिंग व्हायची, वडे खाल्ले जायचे आणि विषय थंड पडायचा. रंजूताई काकींच्या ओट्यापाशी रोज जायला लागली तेव्हा मला वाटलं, बोंबलांसाठी जात असेल. ती काकींना काय सांगत होती ते नंतर कळलं. ही बिल्डिंग काही उभी राहायची नाही. खांब पोकळ झालेत. तुम्ही एक दिवस या जिन्यातच पडणार आणि चार दिवस कुणाला कळणार नाही. त्यापेक्षा बदलापूरला तळमजल्यावर घर आहे, पुढे अंगण आहे, तुळस लावा, अबोली लावा. हे घर घ्यायला एक भलं मराठी कुटुंब तयार आहे, सावंत म्हणून. कोकणातलेच, आपल्यातलेच.

काकींनी मला विचारलं होतं. "काय करू गो?"

मी म्हटलं, "काकी, थांबा थोडं. महेशला येऊ द्या."

महेशने फोनवरच सांगितलं, आई, तुला बरं वाटेल ते कर. दिवाळीनंतर काकींनी सही केली आणि टेम्पोत बसून बदलापूरला गेल्या. रंजूताई बरोबर गेली. तिकडेही तिनेच दूध उतू घातलं म्हणे.

सावंत कुटुंब काही राहायला आलं नाही. दाराला कुलूप. मेंटेनन्स वेळेवर यायचा, त्यामुळे सेक्रेटरींनी चौकशी केली नाही.

पुढच्या गणपतीनंतर सोसायटीची मीटिंग बोलावली. या वेळी बिल्डर कागद पक्के करून आला होता. गच्चीत खुर्च्या मांडल्या होत्या. सगळे सभासद आले, आणि तिसऱ्या मजल्याच्या सावंत बाईही आल्या, पहिल्यांदाच. त्यांच्याबरोबर रंजूताई. हातात पेढ्यांचा बॉक्स. मी विचार करतेय, ही सभासद नाही, ही इथे कशी? तोवर बिल्डरच्या माणसाने उठून बोलायला सुरुवात केली. आधी देवाचे आभार मानले, मग सेक्रेटरींचे. मग म्हणाला, "और रंजू मॅडम का खास शुक्रिया. पिछले साल गणपती के पहले से मॅडम हमारे साथ इस बिल्डिंग पे मेहनत कर रही हैं. उनके बिना ये होताही नहीं."

गेल्या वर्षीच्या गणपतीआधीपासून. आणि काकींनी सही केली ती त्यानंतर, दिवाळी उलटल्यावर.

माझ्या शेजारी बसलेल्या बाई कुजबुजल्या, "सावंत म्हणजे रंजूताईचं माहेर गं. ती तिची सख्खी भावजय."

पेढे वाटत वाटत ती माझ्यापर्यंत आली. मी बॉक्सकडे बघितलं नाही. "तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "खांब पोकळ नव्हते. बिल्डर तुम्हीच आणला होता. काकींना नव्या बिल्डिंगमध्ये घर मिळालं असतं, लिफ्टचं."

मला वाटलं, आता तरी हिचा चेहरा पडेल. तो पडला नाही. तिने बॉक्स खुर्चीवर ठेवला आणि माझं मनगट धरलं.

"काकींना जिना चढवत होता का? नव्हता. बिल्डिंग पाडून बांधेपर्यंत त्या भाड्याच्या घरात कुठे कुठे फिरल्या असत्या? आज अंगणात बसतात त्या. विचार जाऊन. मी त्यांचं काय वाईट केलं सांग."

"तुम्ही त्यांना खरं सांगितलं नाहीत."

"खरं सांगून कुणाचं भलं झालंय गं?" असं म्हणून तिने माझ्या हातात पेढा ठेवला आणि बोटं मिटवली. मी तो पेढा गच्चीच्या कठड्यावर ठेवला. बाकीच्यांनी खाल्ले. सगळ्यांना मोठी घरं मिळणार होती, भांडायला कुणाला वेळ होता? ऑफिसातल्या वकिलांना विचारलं, तर ते म्हणाले, सही बाईंची आहे, त्यांचे पैसे त्यांना मिळालेत, कोर्टात काय सिद्ध करणार?

पण काकींना तरी कळायला हवं होतं. पुढच्या रविवारी मी बदलापूरला गेले. रस्ताभर शब्द जुळवत होते. म्हातारीला सांगायचं कसं, की तुझा नवरा ज्याच्यासाठी राबला ते तुझ्या हातातून गोड बोलून काढून घेतलं.

घर सापडायला वेळ लागला. खरंच तळमजला होता. अंगण म्हणजे दोन फरशा आणि त्यापुढे चिखल, पण तुळस होती. दार उघडं होतं. आतून मोगऱ्याच्या तेलाचा वास आला आणि मी दारातच थांबले.

काकी जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांच्या मागे, पलंगाच्या कडेला, रंजूताई. काकींचे केस मोकळे सोडलेले, आणि ती त्यांच्या डोक्यात तेल घालत होती. चांगलं रगडून, कानामागून, मानेपर्यंत. काकींचे डोळे मिटलेले.

"अगं बाई, ये ये!" रंजूताई म्हणाली. ती दचकली नाही. "बघा काकी, कोण आलंय. बस हं, मी चहा टाकते." हात पदराला पुसून ती आत गेली. आत डबे उघडल्याचे आवाज आले. कुठल्या डब्यात काय आहे ते तिला माहीत होतं.

मी काकींजवळ बसले. हळू आवाजात, घाईघाईत सांगायला लागले. "काकी, मी मुद्दाम आलेय. ते सावंत आहेत ना..."

"तिची भावजय," काकी म्हणाल्या. "माका म्हायत हा गो. शेजारणीन फोन करून सांगल्यान. मीटिंग झाली त्याच दिवशी."

मी म्हटलं, "मग तुम्ही हिला घरात कशी घेता? तेल कसं लावून घेता?"

काकींनी डोळे उघडले. बोलल्या ते इतक्या शांतपणे की मलाच लाज वाटली. "माझो झील वर्षान एकदा येता. ही दर रविवारी येता. माझे केस आता माका धुवक होनत नाय, हात वर जाय नाय. ही धुता. मासळी आणता. दुपारभर बसता." मग त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. "मायेन येता असा समजा नको. गावच्या घरात माझो हिस्सो हा. समुद्राकडची जमीन. कोण तरी हॉटेलवालो मागता, हिच्या ओळखीचो. तां तिका होया."

"काकी! तुम्ही देणार आहात?"

"देवचंय नाय. ती महेशाच्या नावार करून ठेवलंय कधीचीच." काकी थोड्या हसल्या. "पण तां तिका सांगलंय, तर ती येवची नाय."

माझ्या किळसेला आता जागाच मिळेना. आतल्या बाईची येत होतीच. पण हैदराबादला बसलेल्या त्या महेशची आली. गच्चीत पेढे खाणाऱ्यांची आली. आणि ज्या जगात एका म्हातारीला आपले केस धुवून घ्यायला एका लबाड बाईला आशेवर ठेवावं लागतं, त्या सगळ्या जगाचीच आली.

रंजूताई चहा घेऊन आली. माझा कप माझ्यापुढे ठेवला, काकींचा बशीत ओतून, फुंकर मारून त्यांच्या हातात दिला. मग पुन्हा पलंगाच्या कडेला बसली आणि फणी हातात घेतली. फणीत आलेले पांढरे केस काढून तिने बोटाभोवती गुंडाळले आणि ती गुंडाळी बाजूला ठेवली.

"काकी," ती मालवणीत म्हणाली, लाडात आलेल्या लेकीसारखी, "गावाक कधी जाव्या? मी गाडी करतंय. घर बघून येव्या, जमीन बघून येव्या. मागे म्हणालात, पावस सरांदे."

"जाव्या गो," काकी म्हणाल्या. चहाचा घोट घेतला. "थंडी पडांदे. थंडीत बरा पडता."

"नक्की ना?"

"नक्की तर."

मी चहा तसाच ठेवून उठले. कुणी थांब म्हणालं नाही. चिखल ओलांडून रस्त्यावर आल्यावर मागे वळून बघितलं. रंजूताई काकींच्या मानेवर ओघळलेलं तेल पदराने पुसत होती, आणि काकींनी मान आणखी थोडी पुढे केली होती.